टेलिफोनवाला बेल नव्हे, चेहऱ्यावाला बेल!

तोंड वाकडं झालं, असं आपल्याकडे म्हणतात. माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि सकाळी चूळ भरायला जातो तर पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं. एक डोळा मिटता मिटत नाही. हसायला गेलं की अर्धाच चेहरा हसतो. घरात सगळ्यात आधी शब्द निघतो तो लकव्याचा आणि सगळ्यांचं धाबं दणाणतं.

डॉक्टर अशा वेळी एक साधी गोष्ट करायला सांगतात. कपाळावर आठ्या घाला. मेंदूतल्या झटक्याने तोंड वाकडं झालं असेल तर बहुतेक वेळा कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येत असतो. पण आठ्याही अर्ध्याच पडल्या तर बिघाड मेंदूच्या खाली, चेहऱ्याकडे येणाऱ्या नसेत असण्याची शक्यता जास्त. या दुसऱ्या प्रकारात, नसेच्या बिघाडाचं वेगळं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर कागदावर लिहितात बेल्स पाल्सी. (ही परीक्षा घरी करून निश्चिंत बसायचं नाही. तोंड अचानक वाकडं झालं की तडक दवाखाना गाठायचा.)

आता हा बेल कोण? टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल नक्कीच नाही. दोघेही एडिंबराचे, एवढंच साम्य. आपला बेल त्याच्या जन्माच्या ५ वर्षं आधीच वारला होता. याचं नाव चार्ल्स बेल. हाताने चित्रकार, पोटापाण्याने सर्जन. माणसाचा चेहरा नेमका कशाने हलतो हे त्याने जगाला दाखवलं. ते दाखवताना तो अर्धा चुकला आणि ती चूक मान्य करणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. त्याची गोष्ट त्यामुळेच सरळसोट नाही.

चार्ल्सचा जन्म १७७४ सालचा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. वडील पाद्री. चार्ल्स जेमतेम ५ वर्षांचा असताना ते गेले. घरात पोरं बरीच, पैसा कमी. आईने त्याला स्वतः शिकवलं आणि चित्रकलेची गोडीही तिनेच लावली. पुढे डेव्हिड ॲलन या नावाजलेल्या स्कॉटिश चित्रकाराकडे तो चित्रं काढायला शिकला. शाळेत फार चमकला असं नाही, पण हातात पेन्सिल आली की पोरगं वेगळंच होई.

मोठा भाऊ जॉन शहरातला नामांकित सर्जन आणि शरीररचनेचा शिक्षक होता. चार्ल्स त्याच्या हाताखाली शवविच्छेदन शिकला. त्या काळात फोटो नव्हते. प्रेत टिकवण्याची सोय यथातथाच. उघडलेलं शरीर काही दिवसांत हातचं जायचं, त्यामुळे पाहिलेलं कागदावर उतरवू शकणारा माणूस म्हणजे सोनंच. चार्ल्सने विद्यार्थी असतानाच १७९८ मध्ये शवविच्छेदनावरचं पुस्तक छापायला घेतलं, त्यात चित्रंही त्याचीच. १७९९ मध्ये तो एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा सदस्य झाला. १८०१ मध्ये धमन्यांच्या चित्रांचं पुस्तक आलं आणि त्यापाठोपाठ मेंदू आणि नसांची.

त्या धमन्यांपैकी एक आत्ताच्या आत्ता हाताला लागते. दात घट्ट आवळा, जबड्याच्या कोपऱ्याशी जो स्नायू टणक होतो त्याच्या लगेच पुढे, जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवा. थडथड जाणवते ती चेहऱ्याची मुख्य धमनी. मानेतून वर येऊन ती इथे हाड ओलांडते, मग ओठाच्या कोपऱ्याकडे आणि नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत जाते. ती सरळ जात नाही, नागमोडी जाते. कारण तोंड उघडताना, हसताना गाल ताणला जातो आणि सरळ नळी त्यात ओढली गेली असती. दोन्ही बाजूंच्या धमन्यांच्या फांद्या एकमेकींना मिळतात, म्हणून ओठ कापला तर रक्त दोन्हीकडून येतं. पण रक्ताचा पुरवठा एवढा भरपूर असल्याने चेहऱ्याची जखम लवकर भरूनही येते. परतीच्या शिरांचं मात्र एक दुखणं आहे. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या शिरांचा संबंध कवटीच्या आतल्या शिरांशी जुळतो, त्यामुळे तिथला जंतुसंसर्ग क्वचित आत पोहोचू शकतो. नाकाजवळचं गळू पिळू नये असं सांगतात ते याचसाठी.

असो. भावाभावांचं बरं चाललेलं असताना भांडण आडवं आलं. एडिंबरा विद्यापीठात जेम्स ग्रेगरी नावाचे वजनदार प्राध्यापक होते. त्यांचं आणि जॉनचं जाहीर वैर. पत्रकं काढून एकमेकांची अब्रू काढण्यापर्यंत मजल गेली. शेवटी शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचं दार जॉनला बंद झालं आणि भाऊ म्हणून चार्ल्सलाही. रुग्णालयाशिवाय सर्जन म्हणजे नांगराशिवाय शेतकरी. १८०४ च्या नोव्हेंबरमध्ये तिशीचा चार्ल्स लंडनला निघाला, खिशात फारसे पैसे नव्हते आणि ओळखीही नव्हत्या. बरोबर होतं एक अर्धवट लिहिलेलं पुस्तक.

हसू नेमकं कुठे असतं?

ते पुस्तक १८०६ मध्ये निघालं. विषय होता चित्रकारांसाठी चेहऱ्यावरच्या भावांची शरीररचना. चित्रकार रागावलेला माणूस काढतात, रडणारी बाई काढतात, पण कातडीखाली काय चाललंय हे त्यांना ठाऊक नसतं, असं बेलचं म्हणणं. लंडनमधल्या एका जुन्या पडक्या घरात तो चित्रकारांना शरीररचना शिकवू लागला. डेव्हिड विल्की आणि बेंजामिन हेडन हे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्याच्या वर्गात बसले होते.

त्याने जे सांगितलं ते समजायला सोपं आहे. शरीरातले बहुतेक स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत असतात, ते आवळले की सांधा हलतो. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र हाडापासून निघून थेट कातडीत घुसतात. ते आवळले की सांधा हलत नाही, कातडी ओढली जाते. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिरका स्नायू आहे, तो ओढला की हसू. भुवयांच्या आतल्या टोकांना जवळ आणणारा छोटासा स्नायू आहे, तो ओढला की कपाळावर चिंता. डोळ्याभोवती एक वर्तुळ आहे, ते आवळलं की डोळा मिटतो, ओठांभोवतीचं वर्तुळ आवळलं की चंबू होतो. गालाच्या आत एक चपटा स्नायू आहे, त्याने फुंकर मारता येते आणि जेवताना घास दातांखाली राहतो. तोंड वाकडं झालेल्या माणसाचा घास गालात अडकून बसतो तो हा स्नायू ढिला पडल्यामुळे.

पुस्तकाचं कौतुक झालं, पण त्याने पोट भरलं नाही. १८०८ मध्ये रॉयल अकॅडमीत शरीररचनेच्या प्राध्यापकाची जागा निघाली. चेहऱ्यावर पुस्तक लिहिलेला, स्वतः चित्रं काढणारा सर्जन लंडनमध्ये दुसरा कोण होता? तरी जागा गेली अँथनी कार्लाइल यांच्याकडे. बेलला हे लागलं. आपल्याला डावललं जातं ही सल त्याच्या मनात एडिंबरापासून होतीच, ती आणखी खोल गेली. पुढच्या गोष्टीत ती कामाला येणार आहे.

दुसऱ्याच वर्षी स्पेनमधल्या कोरुन्नाच्या लढाईतले जखमी इंग्लिश सैनिक जहाजांनी पोर्ट्समथजवळच्या हॅस्लर रुग्णालयात आले. बेल आपण होऊन तिकडे गेला. दिवसा शस्त्रक्रिया आणि सोबत रेखाटनं. त्यातलं एक चित्र आजही वैद्यकीय पुस्तकांत दिसतं. जखमेतून धनुर्वात झालेला सैनिक, डोकं आणि टाचा टेकलेल्या, मधलं सगळं शरीर वर उचललेलं, अगदी ताणलेल्या धनुष्यासारखं. आपल्या भाषेत या आजाराला धनुर्वात का म्हणतात हे त्या एका चित्रात कळतं. चेहरा तर बघवत नाही. सगळे स्नायू एकदम आवळल्यामुळे ओठ मागे ओढलेले, जणू दात काढून हसतोय. कोरुन्नाच्या जखमींची त्याची तैलचित्रं आता एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे आहेत.

१८११ मध्ये त्याने मॅरियन शॉ हिच्याशी लग्न केलं. तिच्याबरोबर आलेल्या पैशाने त्याचं एक मोठं काम केलं. १८१२ मध्ये ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरच्या शरीररचनेच्या प्रसिद्ध शाळेत त्याने हिस्सा विकत घेतला. मॅरियनचे दोन भाऊ, जॉन आणि अलेक्झांडर, त्याचे शिष्य आणि मदतनीस झाले. बेल मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये सर्जन झाला आणि आता त्याच्याकडे वर्ग, रुग्ण आणि शवविच्छेदनाची खोली असं सगळं होतं.

१८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लूची बातमी आली तेव्हा तो मेहुण्याला, जॉन शॉला, घेऊन ब्रसेल्सला पोहोचला. हरलेल्या फ्रेंच सैनिकांकडे पाहायला कोणी नव्हतं, त्यांच्यावर त्याने शस्त्रक्रिया केल्या. दिवसभर हातपाय कापून हात उचलेनासा झाला आणि कपडे रक्ताने कडक झाले, असं त्याने पत्रात कळवलं होतं. तिथेही तो चित्रं काढत होता. ती चित्रं लढाईच्या पराक्रमाची नाहीत. गोळी लागलेल्या माणसाच्या तोंडावर काय दिसतं त्याची आहेत.

गाढवाच्या नाकपुडीतून

आता मुख्य मुद्द्याकडे. त्या काळात चेहऱ्याच्या एका दुखण्याने सर्जन हैराण होते. गालात, हिरडीत, ओठात विजेचा झटका बसावा अशी कळ. वारा लागला तरी कळ, घास चावला तरी कळ. आज याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. उपाय काय, तर नस कापून टाकायची. पण कोणती? चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला दोन मोठ्या नसा येतात. कवटीतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या क्रमाने मोजतात, त्यातली पाचवी तीन फाट्यांनी येते, एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे. दुसरी आहे सातवी. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून वळणं घेत ती कानाच्या खाली बाहेर पडते, गालगुंडात सुजणाऱ्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे हाताच्या बोटांसारखी पसरते. कपाळ, डोळा, गाल, जबडा, मान, सगळीकडे तिच्या फांद्या.

दोन्ही नसा त्याच चेहऱ्यात, अगदी शेजारी शेजारी संपतात. मग दोघींचं काम एकच असणार, असा सर्वसाधारण समज होता. त्यामुळे कळ थांबवायला सर्जन सातवी नसही कापायचे. परिणाम काय होई? कळ तशीच राहायची आणि वर अर्धा चेहरा कायमचा लुळा पडायचा. म्हणजे आधीच तळमळणाऱ्या माणसाला उपचाराने विद्रूप केलं जायचं.

बेलचा प्रश्न चित्रकाराचा होता. एकाच जागी दोन नसा कशाला? निसर्ग फुकट दोन दोऱ्या ओढणार नाही. मग दोघींचं काम वेगळं असलं पाहिजे.

गोष्ट १८२१ सालची. प्रयोगाला निवडलं गाढव. त्याच्या नाकपुड्या थोडा वेळ दाबून धरल्या, म्हणजे सोडल्यावर ते जोरजोरात धापा टाकेल आणि दोन्ही नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुगतील. मग एका बाजूची सातवी नस कापली. त्या बाजूची नाकपुडी जागच्या जागी थांबली, दुसरी फुगत राहिली. आणखी एक गोष्ट नजरेत भरली. सातवी कापताना जनावर धडपडलं नाही. पाचवीची फांदी कापताना मात्र ते वेदनेने कळवळलं. माकडाची सातवी नस कापली तर अर्धा चेहरा रागावायचा, अर्धा मख्ख.

जनावरांवर चाकू चालवणं बेलला मनापासून नकोसं होतं, तो हे प्रयोग कमीत कमी करायचा. त्यापेक्षा रुग्ण बघणं त्याला पसंत होतं आणि लंडनमध्ये रुग्णांना तोटा नव्हता. एका माणसाला बैलाचं शिंग लागून कानाजवळ सातवी नस तुटली होती. अर्धा चेहरा सपाट, डोळा मिटत नाही, पण गालाला टाचणी लावली तर लगेच कळते. उलटही रुग्ण सापडले. पाचवी नस निकामी झालेल्या एकाला पाण्याचा प्याला ओठाला लावला की प्याला फुटका वाटायचा. कारण काच अर्ध्याच ओठाला कळायची, दुसऱ्या अर्ध्या ओठाला काठ जाणवायचाच नाही. पण ओठ हलायचे दोन्हीकडून.

डोळ्याबद्दलही त्याने एक बारकावा टिपला. लुळ्या बाजूचा डोळा मिटायचा प्रयत्न केला की पापणी उघडीच राहते, पण बुबुळ आपोआप वर जातं आणि फक्त पांढरा भाग दिसतो. हे बहुतेकांच्या डोळ्यात होतं, पापणी बंद असल्याने एरवी दिसत नाही. आजही याला बेलचंच नाव आहे.

१२ जुलै १८२१ रोजी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. चेहऱ्याच्या दोन नसांची कामं वेगळी आहेत, हे प्रयोगासह एवढ्या ठामपणे प्रथमच मांडलं जात होतं. पुढे कळेसाठी सातवी नस कापायला कारण उरलं नाही.

चूक आणि खाडाखोड

पण निबंधात घोळ होता. सातवी नस भावांसाठी आणि श्वासाशी जोडलेल्या हालचालींसाठी, इथपर्यंत ठीक. पाचवीबद्दल मात्र बेलने लिहिलं की ती स्पर्शही सांभाळते आणि ओठ हलवण्याचं कामही करते. पुरावा? गाढवाची पाचवीची गालाकडची फांदी कापली तर त्याला ओठांनी जमिनीवरचे दाणे उचलता येईनात.

बेलचाच जुना विद्यार्थी हर्बर्ट मेयो याने पुन्हा प्रयोग करून पाहिले आणि १८२२ मध्ये दुरुस्ती सुचवली. गाढवाचे ओठ लुळे नव्हते, बधिर होते. दाणा ओठाला लागलाय हेच कळत नसेल तर जनावर उचलणार काय? दाढेचं इंजेक्शन घेऊन चहा प्यायलेल्या कुणालाही हे पटेल. पाचवी नस चेहऱ्याला स्पर्श देते आणि चावण्याचे स्नायू हलवते. ओठ, गाल, डोळे, कपाळ हलवते ती सातवी. आजची पुस्तकं मेयोच्याच बाजूची आहेत.

याच सुमारास पॅरिसमधून दुसरा धक्का आला. फ्रान्स्वा मॅजेंदी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२२ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांच्या पाठीच्या कण्यातून निघणारी नसांची मुळं कापून दाखवलं की पुढची मुळं हालचालीची, मागची संवेदनेची. शरीरशास्त्रातला हा फार मोठा शोध. बेलच्या गोटातून लगेच दावा झाला की हे बेलने १८११ मध्येच शोधलंय. त्या वर्षी त्याने मेंदूच्या नव्या रचनेवर एक छोटी पुस्तिका १०० प्रती छापून ओळखीच्यांत वाटली होती, हे खरं. तिच्यात पुढची मुळं छेडली की स्नायू आचके देतात, मागची छेडली की देत नाहीत, हेही होतं. पण मागची मुळं संवेदनेची आहेत हे तिच्यात नव्हतं. बेलच्या मते मागच्या मुळांकडे शरीराची नकळत चालणारी कामं होती.

बेलने इथे जे केलं ते त्याला शोभणारं नव्हतं. १८२४ मध्ये जुने निबंध पुस्तकरूपाने पुन्हा छापताना त्यातली वाक्यं त्याने बदलली. नव्या समजुतीशी जुळेल असं लिहिलं आणि वाचणाऱ्याला वाटावं की हे आधीपासून असंच होतं. पुढच्या पिढ्यांनी मूळ निबंध आणि पुनर्मुद्रण शेजारी ठेवून वाचलं तेव्हा ही खाडाखोड उघडी पडली. मूळ कागद रॉयल सोसायटीच्या अंकात छापलेलाच होता, तो कुठे जाणार?

मॅजेंदीची प्रतिमा त्या काळी इंग्लंडमध्ये चांगली नव्हती. जिवंत जनावरांवर तो निष्ठुरपणे प्रयोग करतो म्हणून लंडनमध्ये ओरड झाली, प्रकरण संसदेत गाजलं. त्यामुळे इंग्रज मंडळींना बेलची बाजू घेणं सोपं गेलं. आज दोघांचीही नावं जोडून बेल-मॅजेंदी नियम म्हणतात. हिशेब काटेकोर केला तर पाठीच्या कण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात मॅजेंदीचं आहे. चेहऱ्यात मात्र वाट बेलने दाखवली, मेयोने ती सरळ केली. आपल्याला पुन्हा कुणीतरी डावलणार ही भीती नसती तर बेलला ती खाडाखोड करावी लागली नसती, असं वाटत राहतं.

मान मिळायला लागला तो नंतर. १८२६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १८२९ मध्ये चेहऱ्याच्या नसांवरचा त्याचा पुढचा निबंध आला, त्याच वर्षी सोसायटीचं रॉयल मेडलही मिळालं. १८३१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शल आणि इतर काही शास्त्रज्ञांसोबत तो सर झाला. नव्याने सुरू झालेल्या लंडन विद्यापीठात त्याने शिकवायला घेतलं, पण तिथल्या भांडणांना कंटाळून १८३० मध्ये सोडलं. १८३३ मध्ये माणसाच्या हाताच्या रचनेवर पुस्तक लिहिलं, तेही गाजलं. आपल्या वस्तुसंग्रहाची विक्री त्याने १८२५ मध्येच एडिंबराच्या सर्जन्स कॉलेजला केली होती. ज्या शहराने हाकललं त्याच शहराने त्याच्या बरण्या आणि चित्रं ३००० पौंडांना घेतली. १८३६ मध्ये तर एडिंबरा विद्यापीठाने शस्त्रक्रियेचं प्राध्यापकपद देऊन त्यालाही परत बोलावलं.

त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराची गंमत अशी की बेलने वर्णन केलेले बरेच रुग्ण आजच्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना मार लागला होता, गळू झालं होतं, शिंग लागलं होतं. आज बेल्स पाल्सी म्हणतात ती कारण न सापडणाऱ्या प्रकाराला. असं वाकडं झालेलं तोंड त्याच्या आधी इतरांनीही लिहून ठेवलं होतं. आयुर्वेदात अर्दित या नावाने त्याचं वर्णन येतं, हजारेक वर्षांपूर्वीच्या इराणी वैद्य अर-राझीच्या ग्रंथात ते आहे, १७९८ मध्ये जर्मनीत निकोलाउस फ्रीडराइशनेही लिहिलं होतं. लक्षण सगळ्यांना दिसलं होतं. ते कोणत्या दोरीमुळे होतं हे बेलने दाखवलं.

बिघाड होतो तो कानामागच्या त्या अरुंद बोगद्यात. नस सुजली की हाडाच्या नळीत तिला पसरायला जागा नसते, ती स्वतःच चेपली जाते. त्याच बोगद्यातून जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारे तंतू आणि कानातल्या एका इवल्याशा स्नायूची नस निघते. म्हणून काहींना चव कमी लागते, काहींना त्या बाजूचा आवाज मोठा वाटतो. पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केलं तर बरं होण्याची शक्यता वाढते. उघडा राहणारा डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब आणि रात्री पट्टी लागते. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो.

बेलचं एडिंबरात मन रमलं नाही. शहर तेच होतं, पण माणसं गेलेली. मोठा भाऊ जॉन १८२० मध्येच वारला होता. मेहुणा जॉन शॉही १८२७ मध्ये गेला. प्रॅक्टिस लंडनइतकी चालेना. छातीतल्या कळांनी तो त्रस्त झाला. १८४० मध्ये तो इटलीला गेला, तिथली चित्रं आणि शिल्पं पाहिली आणि तरुणपणच्या त्या पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती लिहायला घेतली. चेहऱ्याचे काही स्नायू देवाने खास माणसाला भाव दाखवण्यासाठीच दिले आहेत, हे त्याचं मत त्यातही कायम होतं. पाद्र्याच्या मुलाचा तो विश्वास होता. चार्ल्स डार्विनने पुढे हे मत खोडून काढलं. भुवया आक्रसणारा स्नायू माकडांतही आहे, मग तो फक्त माणसासाठी कसा? पण १८७२ मध्ये भावनांवरचं आपलं पुस्तक लिहिताना त्याच डार्विनने बेलला या विषयाचा पाया घालणाऱ्यांत गणलं.

१८४२ च्या एप्रिलमध्ये बेल आणि मॅरियन लंडनकडे निघाले होते. वाटेत वूस्टर गावाजवळ हॅलो पार्क इथे स्नेह्यांकडे थांबले. २८ एप्रिलला तिथेच छातीत कळ येऊन तो गेला, वय ६७. हॅलोच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. चेहऱ्यावरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती १८४४ मध्ये त्याच्या पश्चात निघाली. मॅरियन पुढे ३४ वर्षं जगली. एडिंबरातल्या वकील भावाला, जॉर्जला, चार्ल्सने वर्षानुवर्षं पत्रं लिहिली होती. त्यात वर्ग भरले की ओस पडले, घरभाडं, वॉटर्लू, गाढवं, मॅजेंदीवरचा राग, सगळं आहे. ती पत्रं मॅरियनने १८७० मध्ये छापली, तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती.